अंजनेरीसाठी घेतलेल्या डिफ्युजन ट्यूब: नायट्रोजन डायऑक्साइडला उत्तम, अमोनियाला अपुऱ्या

मी नाशिकच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगरावरच्या झाडांवरचं दगडफूल, आपल्या गोडा मसाल्यातलं, हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. त्याला मुळं नसतात, ते पाणी आणि क्षार थेट हवा-पावसातून घेतं. म्हणून हवा बिघडली की आधी ते जातं. ती हवा मोजायला डिफ्युजन ट्यूब, म्हणजे हवेतला वायू धरून ठेवणाऱ्या नळ्या, मागवल्या.

बोटाएवढी प्लास्टिकची नळी. वरच्या टोपणात ट्रायइथॅनोलअमाइन (नायट्रोजन डायऑक्साइड शोषणारं रसायन) लावलेली स्टीलची जाळी, खालचं तोंड उघडं. वीज नको, पंप नको. दोन ते चार आठवडे टांगायची, बूच लावून प्रयोगशाळेत पाठवायची, तिथून त्या काळाची सरासरी मिळते. त्र्यंबक रस्त्यापासून पठारापर्यंत आम्ही ओळीने लावल्या (वनविभागाची लेखी परवानगी आधी घ्या). प्रत्येक जागी तीन नळ्या आणि सोबत एक न उघडलेली. ही न उघडलेली नसेल तर प्रवासात काय मिसळलं ते कळतच नाही. वानरं नळ्या ओढतात, तेव्हा तारेचा पिंजरा हवाच.

नायट्रोजन डायऑक्साइडसाठी, म्हणजे गाड्यांच्या धुरातल्या वायूसाठी, मी समाधानी आहे. रस्त्याकडून वर जाताना आकडे उतरत गेले, तिन्ही नळ्या एकमेकींशी जुळल्या. वाऱ्याच्या कड्यावर मात्र आकडा थोडा फुगतो, नळीच्या तोंडाशी हवा घुसळते म्हणून. दिवाळीच्या नेमक्या कोणत्या रात्री धूर वाढला, तेही यातून कळणार नाही. पण जंगलाला वर्षाची सरासरीच महत्त्वाची. 2009 च्या आपल्या राष्ट्रीय मानकांत ती मर्यादा एरवी 40 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, संवेदनशील परिसंस्थेसाठी 30.

अमोनियाच्या नळ्यांनी निराशा केली, आणि माझ्यासाठी महत्त्वाचा अमोनियाच होता. तो खत आणि शेणमुतातून हवेत येतो, आणि जवळच्या गिरणारे गावाकडे द्राक्षबागा आहेत, खत पडतं, गोठे आहेत. आपल्या मानकात अमोनियाची वार्षिक मर्यादा 100, संवेदनशील भागालाही तीच. युरोपात दगडफूल आणि शेवाळासाठी धोक्याची पातळी 1 मानतात, इतर वनस्पतींसाठी 3. म्हणजे कायद्याने स्वच्छ ठरलेल्या हवेतही दगडफूल मरू शकतं! मला एकच्या आसपासचा आकडा हवा होता आणि तिथेच उघड्या तोंडाची नळी डळमळते. तोंडावर पडदा असलेला सॅम्पलर महाग पडतो, पण अमोनियासाठी तोच घ्या. विक्रेत्याने हा फरक आपणहून सांगायला हवा होता.

पावसातून उतरणारा नायट्रोजन यात मोजला जात नाही. त्यासाठी झाडाखाली आणि मोकळ्यावर अशी दोन्हीकडे पाणी धरणारी भांडी ठेवावी लागतात, मगच हेक्टरी किती किलो पडला याचा हिशोब लागतो.

कॉलेजांनी पहिली खेप नायट्रोजन डायऑक्साइडचीच मागवावी. पैसे भरण्याआधी प्रयोगशाळेला कमीत कमी किती मोजता येतं, ते लेखी विचारा.