वड्याला पैकीच्या पैकी, निवेदकाला नापास

रविवारी दुपारच्या प्रयोगाला आईला पंचवटीहून रिक्षाने घेऊन गेलो. नाट्यगृहाचं नाव लिहीत नाही. तक्रार माइकवरच्या निवेदकाची आहे आणि कौतुक कॅन्टीनचं.

तिसऱ्या घंटेआधी निवेदक म्हणाला, "नाटकाला दोन मध्यंतरं आहेत." आई खूश! म्हणजे तीन अंकी. तिच्या तरुणपणी पहिल्या मध्यंतरात चहा, दुसऱ्यात वडा, असा शिरस्ता होता. पंचवीसेक मिनिटांनी अंधार झाला, आई उठली, मागोमाग आमची अख्खी रांग. दारापाशी पोचतोय तोच दिवे आले. नायिकेचं पुढचं वाक्य आम्ही उभ्याने ऐकलं, मागच्यांच्या "बसा हो!"सकट.

अहो, तो प्रवेशबदल होता. पडदा पडत नाही, प्रेक्षागृहातले दिवे लागत नाहीत, अंधारात पोरं सोफा हलवतात, झालं. हौशी नाटकांत मी पाच वर्षं दिवे सांभाळलेत. तिथे अंधाराला कुणी मध्यंतर म्हटलं असतं तर अर्धी विंग चहाला पळाली असती.

खरं मध्यंतर आलं तेव्हा हाच गृहस्थ म्हणाला, "घेऊया छोटासा ब्रेक." टीव्हीसारखं. लोक जागचे हललेच नाहीत. आमचं फावलं, काउंटरवर पहिला नंबर!

वडा गरम, आत लसूण-मिरचीचा ठेचा जाणवेल असा. काकांना विचारलं, वेळ कशी साधता? म्हणाले, "आधी विंगेत विचारून येतो, पडद्याआधी अंधार किती? आज दोन. दुसरा झाला की घाणा टाकायचा." माइक यांच्याच हाती द्यायला हवा.

भिंतीवर पाटी होती, 'मध्यांतर १५ मिनिटे'. आई म्हणाली, चुकलंय. संधी सोडवली तर मध्य अधिक अंतर मध्यांतरच होतं, पण मराठीत रुळलंय मध्यंतर. त्याला एक ई जोडली की नाटक सुटतं आणि "मध्यंतरी पाय मुरगळला होता" सुरू होतं. आईने तेही सुरू केलं, काकांपाशीच. रांग खोळंबली.

चहा मात्र पाकासारखा गोड. त्याचा एक तारा कापला.