सात महिने साठ फुटांवर: घरच्या सिम्युलेटरवर लँकॅस्टर उडवण्याचा अनुभव

दिवाळीच्या सुट्टीत बसवलेल्या सेटअपला आता सात महिने झाले. नोंदवहीत एकशे चाळीस तास जमा आहेत आणि त्यातले जवळजवळ सगळे एकाच विमानात गेले, दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश अ‍ॅव्हरो लँकॅस्टरमध्ये. प्रवासी विमानं, डोंगरातल्या छोट्या धावपट्ट्या, ढगांवरचा सूर्योदय यातलं मी काही केलं नाही. चार इंजिनांचं, जवळपास २८ टनांचं बॉम्बर रात्री झाडांच्या शेंड्यांवरून न्यायचं म्हणजे काय, एवढंच मला समजून घ्यायचं होतं.

सॉफ्टवेअरचं नाव देत नाही, कारण पुढे जे लिहितोय ते उपग्रहाच्या छायाचित्रांवरून जमीन उभी करणाऱ्या कुठल्याही सिम्युलेटरला लागू आहे. माझ्या सिम्युलेटरमध्ये बॉम्ब टाकता येत नाही. लँकॅस्टर वेगळं विकत घ्यावं लागलं. सोबत जॉयस्टिक, चार दांड्यांचा थ्रॉटल, रडर पेडल आणि सेकंडहँड व्हीआर हेडसेट. पैसे कमी असतील तर हेडसेट नंतर घ्या, पेडल आधी घ्या. खालून उडताना वळण पायांनी सांभाळता आलं नाही तर नाक खाली जातं, आणि तिथे नाक खाली जाणं परवडत नाही.

मुळात अवजड बॉम्बर खालून उडवायची गोष्टच विचित्र आहे. ही विमानं उंचावरून जाण्यासाठी बांधलेली. तरीही १७ एप्रिल १९४२ला १२ लँकॅस्टर दिवसाढवळ्या फ्रान्स ओलांडून दक्षिण जर्मनीतल्या ऑग्सबुर्गला गेली, पाणबुड्यांची डिझेल इंजिनं बनवणाऱ्या मान कारखान्यावर. शत्रूच्या रडारला सापडू नये म्हणून सगळा प्रवास शेतांना चिकटून. वाटेत फ्रान्समध्येच जर्मन लढाऊ विमानांनी गाठलं आणि पुढच्या सहापैकी चार तिथेच पडली. एकूण सात परतली नाहीत. तुकडीचं नेतृत्व करणाऱ्या जॉन नेटलटनला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हा मार्ग मी डिसेंबरात तीनदा उडालो. शंभर फुटांवरून दिवसा जाताना गाव, चर्चचा मनोरा, पॉप्लरची रांग समोर उभी राहते आणि लगेच मागे जाते. नकाशा बघायला मान खाली घातली की तेवढ्यात टेकडी येते. नॅव्हिगेटर वेगळा माणूस का लागतो, हे मला पहिल्याच दिवशी कळलं.

पण सेटअप घेतला तो १६ मे १९४३च्या रात्रीसाठी. ब्रिटिश हवाई दलाची ६१७ स्क्वाड्रन, १९ लँकॅस्टर, १३३ माणसं, जर्मनीतल्या रूर भागातली आणि आसपासची धरणं. इथे उंची कमी ठेवण्याचं कारण फक्त लपणं नव्हतं. धरणांपुढे पाण्यात टॉर्पेडो अडवणाऱ्या जाळ्या होत्या. अभियंता बार्न्स वॉलिसने बनवलेला पिंपासारखा बॉम्ब, सव्वाचार टनांच्या आसपास, विमानाच्या पोटाखाली मिनिटाला ५०० फेरे उलटा फिरवून सोडायचा. तो पाण्यावर टप्पे घेत जाळ्यांवरून उड्या मारत भिंतीला टेकायचा, भिंतीला लागून खाली बुडायचा आणि पाण्याखाली फुटायचा. यासाठी उंची ६० फूट आणि वेग ताशी २३२ मैल, दोन्ही अचूक हवं. शस्त्रानेच उंची ठरवून दिली होती.

सात महिन्यांतलं बहुतेक शिक्षण या ६० आकड्याभोवती फिरलं. ६० फूट म्हणजे १८ मीटर, पाच-सहा मजली इमारत. ताशी २३२ मैल म्हणजे सेकंदाला सुमारे १०४ मीटर. नाक फक्त एक अंश खाली राहिलं तर दहा सेकंदांत पाणी. एक अंश डोळ्यांना दिसत नाही, रात्री तर नाहीच. लँकॅस्टरच्या पंखांचा पसारा १०२ फूट. पंचेचाळीस अंश कलून वळलात तर आतल्या बाजूच्या पंखाचं टोक मधल्या अंगापेक्षा ३६ फूट खाली जातं, म्हणजे पाण्यापासून फक्त २४ फूट. पहिल्या महिन्यात माझा पंख किती वेळा पाण्याला लागला ते मोजणं मी सोडून दिलं.

आणि उंचीमापकावर विसंबता येत नाही. साधा उंचीमापक हवेच्या दाबावर चालतो, आणि जमिनीलगत दाबात एक हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे उंचीत साधारण २७ ते ३० फूट. तुम्ही निघताना लावलेल्या दाबापेक्षा तीनशे मैल पुढच्या तलावावरचा दाब तीन हेक्टोपास्कलने कमी असला, तर काट्यावर ६० दिसताना तुम्ही पाण्याखाली असता. सिम्युलेटरमध्ये खरं हवामान चालू ठेवून मी हे मुद्दाम करून पाहिलं. ज्यांना हा छंद नवा आहे त्यांनीही एकदा करून पाहा, आकड्यांतून कळत नाही ते अंगावर येतं. त्या रात्री जेफ राइसचं लँकॅस्टर हॉलंडजवळच्या समुद्रावर इतकं खाली गेलं की पाण्याला लागलं आणि बॉम्ब उपटून निघून गेला. विमान कसंबसं वर आलं आणि घरी परतलं. मी पूर्वी हे वाचताना वैमानिकाच्या चुकीसारखं वाचत होतो. आता तसं वाचता येत नाही.

यावर त्यांनी काढलेला उपाय मला अजून थक्क करतो. विमानाच्या पोटाखाली दोन दिवे, असे तिरके बसवलेले की बरोबर ६० फुटांवर त्यांची दोन वर्तुळं पाण्यावर एकमेकांना चिकटतील. नॅव्हिगेटर उजवीकडच्या फुगीर काचेतून खाली बघत वैमानिकाला 'खाली, अजून खाली' सांगत राहणार. माझ्या लँकॅस्टरमध्ये हे दिवे चालत नाहीत. मग मी जमिनीपासूनची खरी उंची दाखवणारा आकडा वेगळ्या टॅबलेटवर काढला आणि माझ्या समोरून तो झाकून टाकला. तो बघते माझी चौदा वर्षांची मुलगी. "बाबा, खाली... खाली... धरा. वर घ्या, वर!" तिचा आवाज ऐकून उडायला लागल्यापासून मी ६०च्या पाच फूट इकडेतिकडे राहू लागलो. एकट्याने कधीच जमलं नव्हतं. या सेटअपमधली सर्वात उपयोगी वस्तू ती शेजारची खुर्ची आहे.

वैमानिकांचा सरावही एका अर्थाने सिम्युलेटरवरच झाला. स्क्वाड्रन उभी राहिली मार्चच्या शेवटच्या आठवड्यांत आणि मोहीम मेच्या मध्यावर, हातात दोन महिनेसुद्धा नव्हते. चंद्राच्या रात्री तर त्याहून कमी. म्हणून विमानाच्या काचांना निळा रंगीत पडदा लावला आणि वैमानिकांना पिवळसर चष्मे दिले, की भर दुपारी डोळ्यांपुढे चांदणी रात्र उभी राहावी. सरावाला इंग्लंडमधल्या डर्बीशरचं डरवेंट धरण, त्याचे दोन मनोरे, वर उतारांवरची जंगलं, हे सगळं त्यांना पहिल्या लक्ष्यासारखं, मोहने धरणासारखं होतं. मी मोहनेआधी तिथेच पंधरा दिवस घालवले आणि तसंच करा असं सुचवेन. दऱ्या अरुंद आहेत, पाणी दिसतं तेव्हा उरलेला वेळ फार कमी असतो, आणि मनोऱ्यांमधून निघाल्यावर लगेच वर घ्यावं लागतं.

मोहनेवर सिम्युलेटर चांगला आहे, त्या रात्रीच्या दुसऱ्या धरणावर, एडरवर, तो असामान्य आहे. एडरला जर्मनांनी तोफा ठेवल्या नव्हत्या, डोंगरांनीच राखण केली होती. वाल्डेकच्या किल्ल्याजवळून दरीत उतरायचं, पाण्यात घुसलेल्या जमिनीच्या जिभेवरून जायचं, डावीकडे तीव्र वळण, आणि मग सरळ उडायला काही सेकंद मिळतात, त्यात उंची, वेग आणि दिशा तिन्ही बसवायची. डेव्हिड शॅननला अनेक फेऱ्या माराव्या लागल्या. हेन्री मॉडस्लेचा बॉम्ब भिंतीच्या कठड्याला लागून फुटला. शेवटच्या उरलेल्या बॉम्बने लेस नाइटने भिंत फोडली. या दरीचा उतार, किल्ल्याची जागा, वळणाची त्रिज्या हे सिम्युलेटरने इतकं बरोबर उभं केलंय की मला पन्नासाव्या प्रयत्नानंतर पहिल्यांदा तिन्ही गोष्टी एकत्र जमल्या. तेव्हा मी हेडसेट काढून दहा मिनिटं नुसता बसून राहिलो.

आता जिथे तो कमी पडतो ते. तारा. त्या रात्री रॉबर्ट बार्लोचं आणि बिल अ‍ॅस्टेलचं विमान हाय टेन्शनच्या तारांना आणि टॉवरला लागून पडलं. माझ्या सिम्युलेटरमध्ये टॉवर काही ठिकाणी उभे आहेत, पण तारांमधून विमान आरपार जातं. खालून उडणाऱ्याला सर्वात जास्त भीती ज्याची असते तेच इथे नाही. दुसरं, हाताला जोर लागत नाही. लँकॅस्टरच्या नियंत्रणांना हायड्रॉलिक मदत नव्हती, दोन्ही हातांनी ओढावं लागे. माझी जॉयस्टिक दोन बोटांनी वळते. स्प्रिंग बदलून घट्ट केली, तरी सहा तासांनी खांदे दुखायला हवेत तसे दुखत नाहीत. आणि जमीन इंटरनेटवरून येते. नेट मंद पडलं की साठ फुटांवर खालची शेतं धूसर चिखलासारखी होतात. निघण्याआधी पूर्ण मार्गाचा नकाशा डिस्कवर साठवून ठेवा, हा त्रास संपतो.

पहिल्याच आठवड्यात मी लँकॅस्टर घेऊन खडकवासल्यावरही गेलो होतो. जवळचं धरण, ओळखीचं पाणी, सराव होईल म्हणून. आई मागे येऊन उभी राहिली होती. तिला स्क्रीनवर धरण ओळखू आलं. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं आणि मागोमाग खडकवासला, तेव्हा ती आठ वर्षांची होती, नारायण पेठेत. आजोबांनी सगळ्यांना पर्वतीकडे नेलं. परत आल्यावर खोलीत छातीइतका चिखल होता आणि तो वास तिला आजही आठवतो. ती काही बोलली नाही, आत गेली. मी परत तिथे उडालो नाही.

मोहनेच्या रात्रीचं मी तिला पुढे कधीतरी सांगितलं. खडकवासल्यासारखीच दगडी भिंत, १९१३ची. पाच बॉम्बनंतर सुमारे ७७ मीटर रुंद भगदाड. तिने बॉम्बबद्दल काही विचारलं नाही. "खाली कोण राहायचं?" एवढंच विचारलं. खाली नेहाइम होतं. तिथे पूर्व युरोपातून आणलेल्या बायकांची छावणी होती, त्यांच्याकडून सक्तीने काम करून घेत. त्या शेकड्यांनी बुडाल्या. त्या रात्री खालच्या खोऱ्यांत अंदाजे १६०० माणसं गेली आणि त्यातली बरीचशी अशीच कैदेतली होती. धरण सप्टेंबरात पुन्हा बांधून झालं. हे मला आधीपासून माहीत होतं, पण तिने विचारेपर्यंत मी धरणाची फक्त पाण्याकडची बाजू पाहत आलो होतो. सिम्युलेटर भिंतीवरून पुढे गेल्यावरची दरीही तितकीच नीट दाखवतो. आता मी तिथून उंची वाढवत नाही, नेहाइमपर्यंत खालूनच जातो.

यंदा १६ मेला पूर्ण उड्डाण केलं, इंग्लंडमधल्या त्यांच्या तळापासून, स्कॅम्पटनपासून स्कॅम्पटनपर्यंत, साडेसहा तास, चांदण्याची रात्र लावून. मुलगी फक्त मोहनेपुरती जागी राहिली. ज्यांनी हा सेटअप घेतलाय त्यांना कळकळीने सांगेन की परतीचा प्रवास वगळू नका. बहुतेक जण धरण झालं की बंद करतात. हेन्री यंगने मोहनेवर बॉम्ब अचूक टाकला होता, तो परतताना हॉलंडचा किनारा ओलांडत असताना तोफेने पाडला गेला, घरी पोचायला फक्त समुद्र ओलांडायचा उरला असताना. मी त्याच किनाऱ्यावरच्या कास्ट्रिकुमच्या वाळूवरून गेलो तेव्हा डोळे जळत होते आणि उंचीत सारखी चूक होत होती, पन्नास, नव्वद, चाळीस. वर जावंसं फार वाटतं. तिथे वर जायचं नव्हतं.

उतरलो तेव्हा पहाटेचे साडेतीन वाजून गेले होते. आई पाणी प्यायला उठली होती. दारातून तिने विचारलं, "आले का सगळे परत?"

"एकोणीसपैकी अकरा," मी म्हटलं.