टेस्ट चालवताना लॉगकॅट: गेल्या पावसाळ्यापासूनचा अनुभव

मालाडच्या ऑफिसात अँड्रॉइड अ‍ॅपच्या टेस्ट चालवायच्या आणि पडलेल्या टेस्टचं कारण शोधायचं, हे माझं रोजचं काम. त्यामुळे लॉगकॅट, म्हणजे फोनमध्ये काय घडतंय त्याच्या नोंदी (लॉग) दाखवणारं साधन, दिवसभर डोळ्यांसमोर असतं.

आधी तक्रार. टेस्टमध्ये प्रिंटलाइन, म्हणजे मजकूर छापायची आज्ञा, टाकली की ती निकालाच्या खिडकीतच दिसेल, असं कुणालाही वाटतं. फोनवर चालणाऱ्या टेस्टमध्ये ती ओळ जाते फोनच्या लॉगमध्ये, 'सिस्टिम डॉट आउट' या टॅगखाली, म्हणजे लेबलखाली. लॅपटॉपवरच चालणाऱ्या, कोडचा छोटा तुकडा तपासणाऱ्या युनिट टेस्टची तऱ्हा वेगळी. तिथे ती ओळ एचटीएमएल रिपोर्टमध्ये मिळते; टर्मिनलवर हवी तर ग्रेडलमध्ये (अ‍ॅप बांधणारं आणि टेस्ट चालवणारं साधन) 'शो स्टँडर्ड स्ट्रीम्स' चालू करा. आणि तिथे अँड्रॉइडचा लॉग क्लास वापरलात तर 'नॉट मॉक्ड' (नकली पर्याय दिलेला नाही) म्हणत टेस्टच आपटते. एका ओळीसाठी एवढी दारं ठोठवायची, हे मला अजून पटलेलं नाही.

पण एकदा हात बसला की लॉगकॅटला तोड नाही. फोनवर टेस्ट चालवणारा टेस्टरनर प्रत्येक टेस्टच्या सुरुवातीला 'स्टार्टेड' आणि शेवटी 'फिनिश्ड' अशी ओळ लॉगमध्ये टाकतो. आमची पेमेंटच्या पानाची टेस्ट मनात येईल तेव्हा पास व्हायची, मनात येईल तेव्हा फेल. निकालात एवढंच, की बटण सापडलं नाही. डेव्हलपरचं नेहमीचंच: "माझ्याकडे तर चालतंय." त्या दोन ओळींमधला तुकडा काढला तर टेस्टने बटण शोधलं होतं 11:42:07 ला आणि सर्व्हरचं उत्तर आलं होतं 11:42:09 ला. एस्प्रेसो, म्हणजे स्क्रीनवरची बटणं शोधून दाबणारी आमची टेस्टची लायब्ररी, स्क्रीनचं काम संपेपर्यंत थांबतं, नेटवर्कसाठी आपणहून थांबत नाही. त्याला 'काम अजून चालू आहे, थांब' असं सांगणारा आयडलिंग रिसोर्स द्यावा लागतो. तुकडा ग्रुपवर टाकला, वाद तिथेच मिटला.

अ‍ॅप लिहायच्या अँड्रॉइड स्टुडिओच्या नव्या लॉगकॅटमध्ये 'पॅकेज माइन' लिहिलं की फक्त आपल्या अ‍ॅपचा लॉग उरतो. टर्मिनलवर प्रोसेस आयडीची (चालू प्रोग्रॅमच्या क्रमांकाची) गाळणी लावणाऱ्यांनी मात्र जपून. ऑर्केस्ट्रेटर (टेस्ट एकमेकींपासून वेगळ्या चालवणारं साधन) चालू असेल तर प्रत्येक टेस्ट नव्या प्रोसेसमध्ये चालते, आयडी बदलतो आणि पहिल्या टेस्टनंतर लॉग गप्प. मी टॅगनेच गाळते.

सर्वात जास्त डोकं खाल्लं ते लांब ओळींनी. एका नोंदीत साधारण 4000 बाइट मावतात, पुढचं गुपचूप छाटलं जातं. सर्व्हरचं जेसन स्वरूपातलं पूर्ण उत्तर छापलंत तर शेपूट गायब, आणि आपल्याला हवं ते नेमकं शेपटात. तुकडे करून छापा. लॉगचा बफरही गोल फिरणारा: जागा भरली की जुन्या ओळी जातात. टेस्टचा मोठा संच चालवायच्या आधी मी डेव्हलपर ऑप्शन्समधून तो वाढवते आणि जुना लॉग पुसते.

हल्ली तर मी लॉगकॅटची खिडकी फारशी उघडतच नाही. ग्रेडलने फोनवरच्या टेस्ट चालवल्या की बिल्डच्या आउटपुट्स फोल्डरमध्ये प्रत्येक टेस्टची वेगळी लॉगकॅट फाइल पडते, नावातच क्लास आणि मेथड. आमच्या टीममध्ये निम्म्यांना हे ठाऊक नव्हतं. रात्री संच लावून विरार लोकल पकडायची, सकाळी पडलेल्या टेस्टची तेवढी फाइल उघडायची.

फोन वायफायवरून जोडायच्या वायरलेस डिबगिंगच्या नादाला मात्र लागत नाही. ऑफिसचं वायफाय मध्येच सुटतं आणि संच अर्ध्यावर लटकतो. केबलच बरी.