२५ वॉट की १५०? जुना बेस अ‍ॅम्प घेताना

दोन्ही अ‍ॅम्प सव्वा वर्ष माझ्याकडे शेजारी शेजारी होते, त्यामुळे हे लिहिण्याचा थोडाफार हक्क पोचतो. दोन्ही बेस गिटारचे. एक सत्तरच्या दशकातलं १५० वॉटचं ट्रान्झिस्टर हेड, म्हणजे स्पीकरशिवायचा नुसता अ‍ॅम्प, आणि त्याच्यासोबत आलेलं आटोपशीर, बंद पेटीचं कॅबिनेट, म्हणजे पंधरा इंची स्पीकरची पेटी. दुसरा अ‍ॅम्पेग या अमेरिकन कंपनीचा पोर्टाफ्लेक्स बी-१५एन, २५ वॉट, ट्यूबचा (जुन्या रेडिओतल्या व्हॉल्व्हसारख्या काचेच्या नळ्यांचा). मामेभावाने अमेरिकेतलं घर आवरलं तेव्हा सामानाबरोबर तो पुण्याला आला.

पहिले सहा महिने मी पोर्टाफ्लेक्सवरची चादरसुद्धा काढली नाही. पंचवीस वॉटांत काय होणार? ऑर्केस्ट्रात वाजवून माझी पिढी वॉट मोजायला शिकली, आणि टेपरेकॉर्डरच्या खोक्यावरचा पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा फुगवलेला आकडा बघून फसायलाही. जुन्या बेस अ‍ॅम्पच्या माहितीपत्रकांत पीएमपीओ नसला तरी ‘पीक’ आणि ‘म्युझिक पॉवर’ असतं. अमेरिकेत १९७४ मध्ये वॉट कसे सांगायचे याचा सरकारी नियम झाला, पण तो घरगुती हाय-फायसाठी. वाद्यांच्या अ‍ॅम्पना तो लागू नव्हता. म्हणून आकडा वाचताना तो किती ओमवर (ओम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध) दिलाय आणि आवाज किती फाटेपर्यंत मोजलाय, हे दोन्ही विचारायचं.

माझं हेड १५० वॉट द्यायचं ते ४ ओमवर. कॅबिनेट होतं ८ ओमचं. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला दुप्पट ओम लावले की हातात साधारण निम्म्याहून थोडे जास्त वॉट उरतात, म्हणजे धरा ८०-९०. ट्यूबच्या अ‍ॅम्पमध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो, त्याचा स्पीकरशी जोड बरोबर असेल तर लिहिलेले वॉट मिळतात. पुढचा प्रश्न स्पीकरचा. एका वॉटमध्ये एक मीटरवर तो किती डेसिबल देतो, ही त्याची सेन्सिटिव्हिटी. समजा एक कॅबिनेट ९३ चं आणि दुसरं ९९ चं. सहा डेसिबलचा फरक म्हणजे चौपट वॉटचा फरक. ९३ वाल्याला ८० वॉट दिले तर ११२ डेसिबल, ९९ वाल्याला २५ दिले तर ११३. हे आकडे उदाहरणापुरते. माझ्या पेट्या मी मीटर लावून मोजलेल्या नाहीत. पण कानाला हिशोब असाच काहीसा लागला. (स्पीकरवर छापलेले वॉट वेगळेच. तो किती सोसतो ते त्यावरून कळतं, किती जोरात वाजतो ते नाही.)

मला छळलं ते मात्र हिशोबाने नाही. आमची तालीम कर्वेनगरातल्या एका तळघरात, आणि तिथे मी नेत होतो ते १५० चं हेड. ढोलकी, ऑक्टोपॅड, कीबोर्ड, दोन गायक. पहिल्या अंतऱ्यालाच ढोलकीवाला मान वळवून विचारणार, “दादा, बेस चालू आहे ना?” मी वाकून नॉब थोडा पुढे. पुढच्या गाण्यात जोरात सूर लागला की फट्! आवाज फाटला. पुन्हा वाकून नॉब मागे. ऐकू न येणं आणि फाटणं यांच्यामध्ये जागाच नाही. एका तालमीत मी किती वेळा वाकलो ते मोजलं नाही, पण दुसऱ्या दिवशी कंबर सांगायची. मंडळाच्या कार्यक्रमात तर पाठ प्रेक्षकांकडे आणि हात नॉबवर, असा माझा एक फोटोही निघाला आहे.

एका गुरुवारी वैतागून पोर्टाफ्लेक्स नेला. त्याचं हेड पेटीच्या झाकणालाच आतून बसवलेलं असतं; झाकण उलटं करून ते वर आणलं, नॉब अर्ध्याच्या जरा पुढे ठेवला आणि अडीच तास त्याला हात लावला नाही. ढोलकीवाल्याने काही विचारलं नाही.

ट्यूबचे वॉट मोठे असतात असं आपल्याकडे ऐकवलं जातं. ते मला पटत नाही, वॉट सारखेच. फरक इतकाच की ट्रान्झिस्टरची ताकद संपली की तो आवाज एकदम कापतो, म्हणून त्याच्या बऱ्याच आधी आपण घाबरून थांबतो. ट्यूबची ताकद संपत आली की सूर जाड होतो, आणि त्या जाडपणातच वाजवत राहता येतं. गंमत म्हणजे अ‍ॅम्पेगचे संस्थापक एव्हरेट हल यांना आवाज फाटलेला मुळीच खपत नसे. त्यांच्याकडच्या जेस ऑलिव्हर यांनी १९६० साली पोर्टाफ्लेक्स केला तो स्वच्छ वाजावा म्हणून. पेटीही पोर्ट, म्हणजे हवेसाठी मोकळी वाट ठेवून विचारपूर्वक बांधलेली.

त्याचे दोष सांगतो. तो ११७ व्होल्टचा, म्हणून तापकीर गल्लीतून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणला. तो स्वतः गुणगुणतो. शिवाय ६० हर्ट्झसाठी बनलेला अ‍ॅम्प आपल्या ५० वर जास्त तापतो, त्यामुळे पंखा त्याच्याकडे वळवून ठेवावा लागतो. पाच तारांच्या बेसच्या सर्वांत खालच्या बी सुरापुढे, म्हणजे ३१ हर्ट्झला, तो हात टेकतो. स्पीकरच्या पेट्यांबद्दलचा हॉफमनचा जुना नियम आहेच: खोल बेस, छोटी पेटी आणि कमी वॉटमध्ये मोठा आवाज, यातलं काहीतरी एक सोडायचं. मी चार तारांचा माणूस, मला सोडायला सोपं गेलं.

मोकळ्या मैदानात, ताशाच्या शेजारी, पीए (कार्यक्रमाची मोठी ध्वनियंत्रणा) नसताना वाजवायचं असेल तर बहुधा २५ वॉट कमीच पडतील. तिथे मी कोणाला पोर्टाफ्लेक्सचा आग्रह धरणार नाही. पण तिथेही नुसते वॉट वाढवून भागत नाही. अ‍ॅम्पेगचाच एसव्हीटी १९६९ साली आला तो ३०० वॉटचा. दबदबा त्या आकड्याचा, पण खाली दहा इंची आठ-आठ स्पीकरांच्या दोन पेट्या होत्या, हे सांगायचं लोक विसरतात. हॉल, तालीम आणि घर एवढंच असेल, तर आधी पेटी ऐका, मग आकडा वाचा. माझ्यापुरता निकाल लागलेला आहे.

१५० चं हेड मी पुतण्याला दिलं. त्याला म्हटलं, तसंच दुसरं ८ ओमचं कॅबिनेट जोड: मिळून ४ ओम होतील, वॉटही पूर्ण मिळतील आणि स्पीकरही दुप्पट होतील, म्हणजे पाच-सहा डेसिबलची कमाई. त्याने ते केलं आणि खरंच फरक पडला. फक्त तो तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि इमारतीला लिफ्ट नाही. मागच्या आठवड्यात विचारत होता, “काका, तुमचा तो लहान अ‍ॅम्प एका कार्यक्रमापुरता मिळेल का?”