घरी येऊन पेशंट बघणाऱ्या सिस्टर, सोलापूर : चार स्टार, आणि एक का कापला तेही लिहिलंय

आमच्या आप्पांना (सासरे) लकवा मारला, उजवी बाजू गेली, बोलणं निम्मं गेलं. हॉस्पिटलातनं घरी सोडताना गोळ्यांची चिठ्ठी आणि "काळजी घ्या" एवढंच मिळालं, काळजी म्हणजे नेमकं काय करायचं ते कुणी सांगितलं नाही. आधी एका ब्युरोतनं मुलगी घेतली, नाव लिहीत नाही, पण तिला पेशंटची कूस बदलायची असते हेच माहीत नव्हतं, ती मोबाईल घेऊन खुर्चीत बसायची आणि आप्पा दिवसभर उताणे. माकडहाडावर लाल चट्टा दिसल्यावर आमच्या मेडिकलवाल्यानं या सिस्टरांचा नंबर दिला.

सिस्टर रिटायर नर्स आहेत, ख्रिश्चन, ट्रेनिंग मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात झालेलं, डॉ. वानलेस यांनी १८९४ ला काढलेलं ते. तिथल्या जुन्या नर्सांची शिस्त काय म्हणतात ती यांच्याकडं बघून कळते. पहिल्या दिवशी आल्या, चप्पल बाहेर, साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले आणि त्या लाल चट्ट्यावर बोट दाबून सोडलं. मला म्हणाल्या बघ, दाबल्यावर पांढरं होऊन परत लाल झालं तर ठीक, पण लालचं लालच राहिलं तर आत मार बसलाय समजायचं. आमचं लालच राहिलं. मी तिथं रोज तेल चोळत होते, ते ताबडतोब बंद करायला लावलं, लाल झालेल्या जागी चोळायचं नसतं म्हणे, आतली कातडी आणखी फाटते. एअर बेड मागवला पण तो आला म्हणून कूस बदलणं सुटत नाही हेही बजावलं, दर दोन तासांनी बदलायचीच, रात्रीसुद्धा. टाचा उशीवर नाही, उशी पोटरीखाली आणि टाच अधांतरी.

आणि चादर! आम्ही आपले सोलापूरकर, अंगाखाली मस्त जाड चादर घातलेली आणि त्यावर मेणकापड. सिस्टरांनी दोन्ही काढलं. ती चादर पांघरायला द्या, अंगाखाली मऊ जुनं धोतर घाला, सुरकुती एक दिसता कामा नये. मे महिन्यात पारा ४२ च्या वर असताना मेणकापडावर माणूस अक्षरशः भिजून जातो आणि ओल्या कातडीला जखम लवकर होते, हे सांगितल्यावर पटतं, पण आधी कुणाच्या डोक्यात येतं सांगा. पाण्याचं तर आपल्याकडं माहितीये, रोज काही नळ येत नाही, पण बाई दोन तांब्यात अख्खं अंग पुसून काढतात, तोंडापासनं सुरुवात आणि पाठ शेवटी, जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा, बाकी झाकलेला. आप्पांना लाज वाटायची ती तिथंच गेली.

मला सगळ्यात आवडलं ते हे की त्या काम उरकून जात नाहीत, शिकवून जातात. माझ्या नवऱ्याला उठवायला शिकवलं, लकवा मारलेला हात धरून ओढायचा नाही, बगलेत हात घालून तर नाहीच, खांदा निखळतो. घास चांगल्या बाजूनं द्यायचा, जेवण झालं की आजारी बाजूच्या गालात बोट फिरवून बघायचं, भात तिथं अडकून बसतो आणि झोपेत श्वासात जातो. भाकरी दुधात कुस्करून, पातळ पाणी एकदम नाही. आता जवळजवळ सगळं आम्हीच करतो, त्या आठवड्यातनं बघून जातात. स्वतःचं गिऱ्हाईक स्वतः कमी करणारी बाई मी तरी पहिल्यांदा बघितली.

त्यांच्या घरचं थोडं सांगते कारण ते बघूनच मला भरवसा आला. स्वतःच्या सासूबाई कित्येक वर्षं अंथरुणावर होत्या, दिवसा ड्युटी आणि रात्री सासूची सेवा. मिस्टर रेल्वेतनं रिटायर, आता स्वयंपाक तेच करतात आणि बाईंना स्कूटरवर सोडायला येतात, खाली कट्ट्यावर पेपर वाचत बसतात, वर चहाला बोलवलं तरी येत नाहीत. मुलगी पण नर्स. गुरुवारी कुंभारीच्या विडी घरकुलात जातात, तिथं शुगर असलेल्या विडीवाल्या बायकांच्या पायाच्या जखमा फुकट ड्रेसिंग करून देतात, त्या दिवशी आपलं काम कितीही अडलं तरी येणार नाहीत.

शेजारच्या काकूंनी विचारलंच, "प्रार्थना बिर्थना करून तुमचा धर्म बदलतील हां." तर ऐका, आजवर एक शब्द नाही. पेशंटला हात लावायच्या आधी दारात दोन सेकंद डोळे मिटतात, बास. एकदा आप्पांना ताप चढला तेव्हा माझ्या सासूबाईच म्हणाल्या तुमच्या देवाला पण सांगा की ओ, तेव्हा मोठ्यानं मराठीत प्रार्थना केली, साधी, आजारी माणसाशी बोलल्यासारखी. आणि आमचं घर कसब्यात, आप्पा सिद्धेश्वराचे कट्टर भक्त, गड्ड्याच्या यात्रेत ६८ लिंगांना तैलाभिषेक करायला सात नंदीध्वज (सजवलेल्या उंच काठ्या) निघतात तेव्हा आप्पा कधी घरात राहिलेले नाहीत. या वर्षी सिस्टर आपणहून लवकर आल्या, आप्पांना पुसून, पांढरा सदरा घालून, खुर्चीत उशा लावून दारात बसवलं आणि नंदीध्वज पुढं जाईपर्यंत मागं मान धरून उभ्या राहिल्या. आप्पांनी डाव्या हातानं नमस्कार केला. नाताळात त्यांच्याकडनं करंज्या आणि चकल्यांचा डबा येतो, आमच्याकडनं संक्रांतीला भाकरी आणि शेंगाची चटणी जाते.

आता तक्रारी. फोन उचलत नाहीत, कामात असल्या की नाहीच, मेसेज बघायला संध्याकाळ. बोलणं फटकळ आहे, चादरीला सुरकुती दिसली की पाहुण्यांसमोर सुद्धा झापतात, माझ्या नणंदेला ते लागलं. पावती देत नाहीत, ज्यांना इन्शुरन्सला कागद लागतो त्यांची पंचाईत. रात्रपाळी अजिबात नाही. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात आणि पवित्र आठवड्यात वेळा बदलतात, ते आधी विचारून घ्या. यासाठी एक स्टार कमी. पैसे ब्युरोपेक्षा बरेच कमी, आणि गरिबाकडनं तेवढेही घेत नाहीत असं मेडिकलवाला म्हणतो.

नाव-नंबर लिहू नको म्हणून त्यांनीच सांगितलंय, हाताशी आधीच जास्त पेशंट आहेत. खरोखर गरज असेल त्यांनी आपल्या भागातल्या मेडिकलमध्ये किंवा मराठी चर्चमध्ये विचारावं, अशा रिटायर सिस्टर सोलापुरात आणखी पण असतील. मिळाल्या तर रविवारी सकाळी फोन करू नका, उपासना असते, दुपारी करा.