आठवणीचा एक मेसेज : समुपदेशनाचं सॉफ्टवेअर, नऊ महिन्यांनंतर

मागच्या जूनमध्ये वर्षाचे १४,००० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, असे १६,५२० रुपये मोजून मी माझ्या समुपदेशन केंद्रासाठी सॉफ्टवेअर घेतलं. केंद्र नाशिकला, एका खोलीचं. मदतनीस नाही, फोन मीच उचलते. कंपनीचं नाव देत नाही, कारण ज्या गोष्टीवर माझं बिनसलं ती डेमो पाहिलेल्या आणखी दोन सॉफ्टवेअरमध्येही तशीच होती. अपॉइंटमेंट, नोंदी, बिलं, व्हिडिओ हे सगळ्यांतच असतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यात वेळ घालवत नाही.

ऑगस्टच्या मध्यापर्यंत मला कोणी विचारलं असतं, तर मी बिनधास्त घ्या म्हणाले असते. वहीत वेळा लिहायचे तेव्हा वर्षातून दोन-तीनदा एकाच वेळेला दोघांना बोलावलं जायचं. इतर धंद्यांत ती किरकोळ चूक. आमच्याकडे मात्र दारात समोरासमोर आलेली दोन माणसं एकाच सोसायटीतली निघू शकतात, आणि नाशिकमध्ये तसं घडायला वेळ लागत नाही. सॉफ्टवेअरनं दोन भेटींमध्ये आपोआप पंधरा मिनिटं मोकळी ठेवली आणि ही काळजी संपली. ते श्रेय त्याचंच.

मग सॉफ्टवेअरकडून माझ्याकडे येणाऱ्या एका बाईला भेटीच्या आठवणीचा तो मेसेज गेला. पुढचं सांगतेय ते तिच्या परवानगीनं आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून. तीन भेटी झाल्या होत्या. चौथ्या भेटीच्या आदल्या संध्याकाळी तिचा फोन स्वयंपाकघरात ओट्यावर चार्जिंगला लावलेला होता, आणि स्क्रीनवर उमटलं, की तुमचं मानसिक आरोग्य समुपदेशन सत्र उद्या पाच वाजता आहे. वाचलं सासूबाईंनी. रात्री घरात बैठक बसली. 'घरातलं बाहेर सांगतेस का' इथपासून 'डोक्यावर परिणाम झालाय' इथपर्यंत सगळं बोलून झालं. ती चौथ्या भेटीला आली नाही. पाच आठवड्यांनी आली आणि पहिलं वाक्य म्हणाली, "मॅडम, तुम्ही तर म्हणाला होतात की इथलं इथेच राहील."

मी तसं म्हणाले होते. पहिल्या भेटीत सगळ्यांनाच म्हणते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं, हेही सांगते. आणि मीच पैसे भरून घेतलेल्या यंत्रानं ती गोष्ट तिच्या ओट्यावर नेऊन ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी कंपनीला फोन केला. मागणी एवढीच होती, की मेसेजमधले 'मानसिक आरोग्य समुपदेशन सत्र' हे शब्द काढा, नुसतं 'उद्या पाच वाजता भेट' ठेवा. उत्तर आलं, "मॅडम, टेम्प्लेट अप्रूव्ह झालेलं आहे, बदलता येत नाही." मला ती टाळाटाळ वाटली, आवाजही चढला. नंतर कळलं की त्यात तथ्य होतं. दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांमुळे व्यावसायिक एसएमएसचा मजकूर आधी डीएलटी नावाच्या नोंदणी-यंत्रणेवर नोंदवावा लागतो. नाव, तारीख, वेळ यांसारख्या रिकाम्या जागा तेवढ्या बदलतात, बाकीचे शब्द पक्के. एक शब्द बदलायचा तर नवा मजकूर मंजूर करून घ्यावा लागतो. पण म्हणजे तो मजकूर कंपनीत कोणीतरी बसून लिहिला, मंजुरीला पाठवला, आणि तो कोणाच्या फोनवर, कुठल्या घरात, कोणासमोर उजळेल हा प्रश्न त्या खोलीत कोणालाच पडला नाही. माझा राग तिथे आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के स्त्रियांनी सांगितलं, की स्वतः वापरतात असा मोबाइल त्यांच्याकडे आहे. उरलेल्यांचं सोडा, या ५४ टक्क्यांतही फोनचा पासवर्ड नवऱ्याला, मुलांना, जावेला माहीत नसलेल्या किती असतील? आपल्याकडे फोन घराचा असतो. हे समुपदेशकाला पहिल्याच महिन्यात कळतं आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनीही ते आम्हाला विचारायला हवं होतं.

इथे एक दुरुस्ती, कारण माझं मत मध्येच बदललं होतं. ज्या मुलाशी मी भांडले, त्यानं आठवड्यानं स्वतःहून फोन केला. म्हणाला, "मॅडम, मी वर बोललोय, नवं टेम्प्लेट टाकतोय." २३ दिवसांनी साधा मजकूर आला, 'भेट उद्या' एवढाच. मी मनापासून आभार मानले आणि मध्ये बंद ठेवलेला एसएमएस पुन्हा चालू केला. तो आधी माझ्याच दुसऱ्या नंबरवर पाठवून पाहिला, तर पाठवणाऱ्याच्या सहा अक्षरी नावात कंपनीचं नाव आणि त्यात मनाशी जोडलेला शब्द. मजकूर झाकला होता, पाटी तशीच. पुन्हा बंद केला, तो आजतागायत बंद आहे.

एकदा नजर तिकडे वळल्यावर बाकीचं दिसू लागलं. पैसे भरण्याच्या लिंकमध्ये यूपीआयच्या शेऱ्याच्या जागी 'काउन्सेलिंग' आपोआप भरलेलं. ज्यांचं खातं जोडीदाराबरोबर संयुक्त आहे, त्यांच्या बँकेच्या विवरणात माझ्या केंद्राचं नाव सरळ छापून येणार. कॅलेंडरचं आमंत्रण ईमेलवर जायचं, आणि काहींचा ईमेल मुलानं काढून दिलेला, मुलाच्याच फोनवर उघडणारा. हॅकरनं कुलूप तोडल्याच्या बातम्या आपण वाचतो. माझ्याकडे तर गुपित समोरच्या दारानं, तारीख-वेळेसकट बाहेर पडत होतं. कंपनीच्या माहितीपत्रकात मात्र 'हिपा' पाळत असल्याचं ठळक अक्षरात. तो रुग्णांच्या माहितीच्या गोपनीयतेबद्दलचा १९९६ चा अमेरिकन कायदा, नाशिकच्या ओट्यावर त्याचा काय उपयोग?

याच सॉफ्टवेअरमधली एक गोष्ट मात्र मला खरंच आवडली. पहिल्या भेटीच्या फॉर्ममध्ये आपले प्रश्न, मराठीत, घालता येतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या (मराठीसारख्या) भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागणार आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले, मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होतील. मी थांबले नाही, संमतीपत्र साध्या मराठीत लिहून टाकलं आणि त्याखाली तीन प्रश्न जोडले. तुम्हाला निरोप कसा द्यायचा? तुमचा फोन आणखी कोण बघतं? मी फोन केला आणि दुसऱ्या कोणी उचलला, तर मी कोण म्हणून सांगू? हे तीन प्रश्न मी इतक्या वर्षांत का विचारले नव्हते, याचं वाईट वाटतं. उत्तरं वाचण्यासारखी आहेत. 'शिवणक्लासच्या बाई' म्हणून सांगा. फक्त ११ ते १ मध्ये करा. निरोप नकोच, मीच करीन. एका काकांनी लिहिलं, "बिनधास्त मेसेज करा, सगळ्यांना माहीत आहे," आणि तेही वाचून बरं वाटलं.

व्हिडिओबद्दल थोडक्यात. त्यांचा स्वतःचा व्हिडिओ पावसाळ्यात अडखळायचा. झूमचं फुकट खातं ४० मिनिटांवर तुटतं आणि माझी भेट ५० मिनिटांची, म्हणजे नेमकं माणूस मूळ गोष्टीवर येतं तेव्हा. गूगल मीटवर दोघांच्या बोलण्याला फुकटातही ती मर्यादा आड येत नाही, म्हणून तिकडे गेले. जर्मनीतल्या एकांच्या वेळेचा घोळ वेगळाच. २६ ऑक्टोबरला तिकडची घड्याळं मागे गेली, साडेतीन तासांचा फरक साडेचार झाला आणि सॉफ्टवेअरनं त्यांना जुनीच वेळ दाखवली. मी तासभर रिकाम्या स्क्रीनसमोर बसून होते.

नूतनीकरणाचा विचार करताना जानेवारीत सगळ्या नोंदी उतरवून मागितल्या. आल्या त्या पीडीएफमध्ये, एकेका भेटीची एकेक फाइल, आणि मराठी जोडाक्षरं फुटलेली. 'दुसऱ्या'मधला ऱ्य गायब, 'क्ष'च्या जागी चौकोन. दोन भेटींमधल्या पंधरा मिनिटांत घाईघाईनं टिपलेल्या नोंदी मला पुन्हा कधी शोधता येणार नाहीत अशा स्वरूपात परत मिळाल्या. यावर फोनवर भांडायचं त्राण नव्हतं.

सध्याची मांडणी अशी आहे. वेळा माझ्या कॅलेंडरमध्ये, नावाऐवजी फक्त क्रमांक, शीर्षक 'भेट'. क्रमांक-नावाची यादी आणि नोंदी लॅपटॉपवर व्हेराक्रिप्ट या फाइलींना पासवर्ड लावून कुलूप घालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कुलपात, ते फुकट आहे. त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर, कपाटात. माझे स्वतःचे कच्चे विचार पूर्वीसारखे कागदावर. व्हॉट्सॲप बिझनेसवर केंद्राचं नाव काढून नुसतं माझं नाव ठेवलं. पैसे माझ्या वैयक्तिक नावाच्या खात्यावर, शेऱ्याची जागा कोरी. बिल हवं असेल त्याला हातात छापील. आठवणीचे निरोप मी रोज संध्याकाळी सातला स्वतः पाठवते, फॉर्ममधलं प्रत्येकाचं उत्तर समोर ठेवून. वीस मिनिटं लागतात. पन्नास-साठ भेटी रोज होणाऱ्या दवाखान्याला हे झेपणार नाही, त्यांनी सॉफ्टवेअर घ्यावं. पण पैसे भरण्याआधी त्यांच्याकडून एक नमुना मेसेज स्वतःच्या फोनवर मागवावा आणि तो फोन कुलूपबंद करून घरच्यांसमोर टेबलावर ठेवावा.

मुदत जूनमध्ये संपते. बँकेतली आपोआप पैसे कापण्याची परवानगी मी रद्द केली आहे. ती बाई नियमित येते, तिच्या फॉर्मवर लिहिलंय, 'मेसेज नको, गुरुवारी मीच येईन.' माझ्या सगळ्या नोंदी तुमच्या सर्व्हरवरून पुसल्याचं लेखी द्या, अशी मागणी कंपनीला दोनदा ईमेलनं केली. दोन्ही वेळा तक्रार क्रमांक मिळाला. पत्र अजून आलेलं नाही, तिसरा ईमेल सोमवारी जाईल.