कडक मोतीबिंदू : फेको की एसआयसीएस?

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं की घरात आधी लेन्सची चर्चा सुरू होते. देशी की इंपोर्टेड, पॅकेज कितीचं. त्याआधी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा, असं मी कळकळीने सांगेन : मोतीबिंदू किती कडक झालाय, आणि कॉर्नियाच्या पेशी किती आहेत? कारण फेको (थरथरत्या सुईने मोतीबिंदू आतच फोडून काढणं) की एसआयसीएस (छोट्या छेदातून तो अख्खा काढणं), हे त्यावर ठरतं.

कॉर्निया म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा. त्याच्या आतल्या अंगाला पेशींचा एकच थर असतो. पडद्यात शिरलेलं पाणी तो सतत उपसतो, म्हणून पडदा काचेसारखा स्वच्छ राहतो. या पेशी मेल्या की नव्या येत नाहीत, शेजारच्या पसरून जागा भरतात. तरुणपणी चौरस मिलिमीटरला 3000 च्या आसपास असतात, म्हातारपणी साधारण 2500. आकडा 500 पर्यंत घसरला तर पडदा सुजून कायमचा धूसर होण्याची भीती. ऑपरेशन कुठलंही असो, थोड्या पेशी जातातच.

फेकोत छेद तीन मिलिमीटरच्या आत. सुई सेकंदाला सुमारे 40,000 वेळा थरथरते, मोतीबिंदू फोडते आणि ओढून घेते. मऊ किंवा मध्यम मोतीबिंदू असेल तर फेकोच करावं. डोळा लवकर बरा होतो, चष्म्याचा तिरका (सिलिंडर) नंबरही कमी येतो. मोतीबिंदूचा गाभा तपकिरी, दगडासारखा झाला की मात्र गणित बदलतं. सुई जास्त वेळ चालवावी लागते, उष्णता वाढते, कडक कपच्या उडून त्या नाजूक थरावर आदळतात.

एसआयसीएसमध्ये डोळ्याच्या पांढऱ्या भागातून सहा-सात मिलिमीटरचा बोगदा करून गाभा अख्खाच बाहेर काढतात. टाका सहसा लागत नाही, खर्चही कमी. तिरका नंबर थोडा जास्त येऊ शकतो. गाभा काढताना पडद्याला घासला तर इथेही पेशी जातात, म्हणून मधे जेलची गादी हवी आणि हात सरावाचा हवा. याला ‘जुनं ऑपरेशन’ म्हणून नाक मुरडणं मला पटत नाही.

आमच्या आप्पांनी ‘पिकू दे, मग बघू’ म्हणत चार वर्षं काढली. पहिल्या डोळ्याचं फेको झालं. पट्टी काढल्यावर म्हणाले, “धुकं आहे रे.” सकाळी दाट, दुपारी विरळ. सूज उतरायला तीन आठवडे लागले. दुसऱ्या डोळ्याच्या आधी आम्ही स्पेक्युलर मायक्रोस्कोपी, म्हणजे कॉर्नियाच्या पेशी मोजायची तपासणी, करून घेतली. पाच मिनिटांचं काम, डोळ्याला हातही लागत नाही. आकडा बघून डॉक्टरांनी एसआयसीएस सुचवलं. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी आप्पांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवरची तिथी वाचली.

पिकेपर्यंत थांबण्याचा सल्ला फेकोच्या आधीच्या काळातला. आता रोजच्या कामात अडचण येऊ लागली की काढून घ्यावा, गाभा मऊ आहे तोवर. उशीर झालाच असेल, किंवा डोळ्याला पूर्वी मार लागलाय, काचबिंदूचा झटका येऊन गेलाय, घरात कुणाला कॉर्नियाचा आजार आहे, तर पेशी मोजल्याशिवाय तारीख घेऊ नका. आणि डॉक्टरांना सरळ विचारा : असा कडक मोतीबिंदू तुम्ही एरवी कुठल्या पद्धतीने काढता?